राहिलेला 'ज'

चूक माझी होती, आणि ती एका अक्षराची होती.

शिरोलीच्या फौंड्रीत मी ग्राइंडिंगला आहे. जेवणाच्या सुट्टीत कानांत इअरफोन घालून ब्लूज ऐकतो. अमेरिकेतल्या काळ्या मजुरांची जुनी गाणी, राबून पिचलेल्या माणसांची. तपासणीच्या टेबलावर बसणारी संयोगिता एकदा म्हणाली, "कृष्णातदादा, काय ऐकताय ओ एवढं? मला बी सांगा की." बारा वर्षांत असं विचारणारी ती पहिली. घरी भांडून कामाला लागलेली पोरगी. मी हरखलो आणि एका चिठ्ठीमागं यादी लिहून दिली: 'बेसी स्मिथ, आधी ही बाई. मग मडी वॉटर्स, अंगात येतंय. शेवटी सन हाऊस, नुसत्या टाळ्या.' वर मथळा घातला: 'ब्लू. एकटी असताना बघ.' 'ब्लू' कागदाच्या कडेला गेलं, 'ज' लिहायला जागा उरली नाही; बाकीचं खालच्या ओळीत लिहिलं. निवांतपणी यूट्यूबवर बघ, एवढंच मला म्हणायचं होतं.

बुधवारी ती कामावर आली नाही. सुट्टीत तिचा भाऊ राजवीर आला, हातात टॉमीचा लोखंडी दांडा. मी गेटजवळच्या कट्ट्यावर डबा उघडत होतो.

"कृष्णात कोण?"

"मी. का?"

पहिला दणका डाव्या मनगटावर बसला. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. दुसरा खांद्यावर. डबा मातीत गेला.

"माझ्या भणीला ब्लू फिल्म दावतोस व्हय रं? ही बेसी कुठली बाई हाय? आं?"

मी त्याच्या पोटात लाथ घातली. मार खाऊन गप बसणारा मी नव्हे. तो आडवा झाला तसा छातीवर बसलो आणि चांगल्या हातानं त्याचं नाक फोडलं. दोनदा. दातांवर रक्त आलं तरी तो ओरडतच होता, "अंगात येतंय म्हणं! आता ती कामाला येत न्हाय, जा!"

तिसऱ्यांदा मूठ उचलली, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"गाणी हायत ती, मुडद्या! ब्लूज! 'ज' राहिला!"

मोबाइल काढून मी त्याच्या तोंडापाशी धरला आणि सन हाऊस लावला. वाद्य नाही, नुसता आवाज आणि टाळ्या. राजवीर पडल्या पडल्या ऐकत राहिला.

"हे तर भजन हाय," तो म्हणाला.

"तिनं सांगितलं न्हाय व्हय?"

"सांगितलं की. गाणी हायत म्हणाली." तो उठून बसला. "मी कानाखाली आवाज काढला तिच्या."

सोमवारी ती आली. माझ्या हाताला प्लास्टर, तिच्या डाव्या कानात कापूस. पडदा फाटलाय, आतली नसही दुखावलीय, त्या कानानं आता ऐकू येईल असं वाटत नाही, असं डॉक्टर म्हणालेत. मला तिथंच रडू फुटलं. ती रडली नाही. तीच चुरगळलेली चिठ्ठी तिनं टेबलावर सरळ केली, वर पेन ठेवला.

"आधी 'ज' घाला."

मी घातला. तिनं माझा एक इअरफोन घेऊन उजव्या कानात बसवला.

"आता ती बाई लावा," ती म्हणाली. "मोठ्यानं."