खव्याची कढई आणि पडद्याचं यंत्र

मी तिसगावच्या दूध संस्थेतली एक जुनी लोखंडी कढई आहे. मित्रांनो, जुनी म्हणजे मोडीतली नव्हे. एवढं आधी ध्यानात घ्या.

शेवगावच्या लोहाराने मला ठोकून घडवलं. भट्टीवर मी दूध आटवायचं, संस्थेत कामाला असलेल्या साळूबाईंनी ते हलवायचं आणि खवा उतरला की राख नि नारळाच्या शेंडीने मला लख्ख घासायचं, असा आमचा संसार. घासताना त्या गुणगुणत. ते गुणगुणणं मी माझ्याच नावावर जमा धरलं होतं.

एकाहत्तर साली विष्णुपंत इंजिनिअर पुण्याहून प्रयोगासाठी यंत्र घेऊन आले. त्यात पातळ पडदे. पंपाच्या दाबाने दूध त्यांवरून फिरे, पाणी पलीकडे झिरपे आणि घट्ट दूध अलीकडे राही. ना जाळ, ना धूर. सगळं गाव बघायला आलं आणि माझ्याकडे पाठ करून उभं राहिलं.

भट्टीवाला बन्सी म्हणाला, "साळूबाई, आता तुमची कढई पानी तापवायला."

"कुनाच्या आंगुळीला?"

"यंत्राच्या. सायबांचं लई लाडकं हाय ते."

भट्टीचं काम कमी होणार होतं. यंत्र सांभाळलं तरच साळूबाईंचं काम टिकणार होतं. म्हणून त्यांनी माया आखडली नाही. पडद्यावर पिवळट थर दिसताच राख घेतली, शेंडी घेतली आणि गुणगुणत घासलं. माझी राख, माझी शेंडी, माझं गाणं. भट्टी विझलेली होती, तरी मी जळत होते.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या नळीतून दूध यायला लागलं. पडदा फाटला होता.

"काय केलंत, साळूबाई?"

"घासलं, सायेब. कढईवानी चकचकीत केलं."

मला फार गोड वाटलं. पण साळूबाई हातातली शेंडी पदराआड लपवताना दिसल्या आणि तो गोडवा करपला.

विष्णुपंत फाटलेला पडदा उजेडात धरून पाहू लागले. मग म्हणाले, "चूक माझी. धुवा म्हणालो, कसं ते दाखवलं नाही. याला घासायचं नाही. नुसतं कोमट पाणी सोडायचं."

नवा पडदा बसला. साळूबाई कामावर राहिल्या. आता त्या माझ्यात पाणी तापवतात, तान्ह्या बाळासाठी पाहावं तसं कोपर बुडवून पाहतात आणि यंत्राकडे घेऊन जातात. त्या राहिल्या याचा मला आनंद आहे. नाही असं नाही.

मित्रांनो, वस्तू धुण्याआधी तिचं अंग ओळखा. पडद्याला जपा, मला घासा. आणि कधी तिसगावात आलात तर त्या यंत्राला एवढं सांगा, की त्याच्या पाण्यातली ऊब माझी आहे.