ताई सोडून दुसरं नाव

चाकणच्या आमच्या कारखान्यात गाड्यांचं वायरिंग तयार होतं आणि लाईनवर बहुतेक मुलीच आहेत. त्यांचा सुपरवायझर कुलदीप प्रत्येकीला ताई म्हणतो. हे मला चौकशीच्या दिवशी इतक्या जणींनी ऐकवलं, की माझं डोकं उठलं.

तक्रार दिव्याची होती. परभणीकडची, कंत्राटावरची पोरगी. कुलदीप मागून येऊन कानाशी नको त्या नावानं हाक मारतो, एवढंच तिनं लिहिलं होतं. ते नाव लिहायची तिला लाज वाटली. सकाळी चौकशी समितीसमोर, म्हणजे अध्यक्ष म्हणून माझ्यासमोर, मान खाली घालून म्हणाली, "चिमे म्हणतो. माझी आई म्हणते तसं. जेवणाच्या सुट्टीत मी फोनवर बोलताना ऐकलं असंल त्यानं."

साक्षीदार एकही नाही. तक्रार सिद्ध झाली नाही तर ठेकेदार तिला घरी बसवणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"मॅडम, पोरगा लई चांगला हाय," समितीतल्या सुमनताई पुटपुटल्या. त्यांची उभी हयात त्याच लाईनवर गेलेली. मी आतून धुमसत होते.

कुलदीप आला, हात जोडून बसला. दिव्यानं सांगितलेलं नाव आम्ही त्याला कळू दिलं नव्हतं. "ताई सोडून माझ्या तोंडात दुसरं नाव नाही, मॅडम. कोणालाही विचारा."

विचारून झालं होतं. माझ्या हाती काहीच लागत नव्हतं. उगाच वेळ काढायला म्हटलं, "तिच्या कामाचं काय?"

"काम? रोज कनेक्टर उलटे बसवायचे, वरून बोलणी मी खायची. जरा आवाज चढवला की हिच्या डोळ्यांत पाणी. आणि आता चिमी तक्रार करणार, मी इथं..."

तो बोलतच राहिला. काय निसटलं ते त्याला कळलंच नाही.

"थांब," सुमनताई म्हणाल्या. "चिमी कोन रे?"

कुलदीपनं जोडलेले हात सोडले.

"बोलला तसंच लिहून घ्या," मी टाइप करणाऱ्या मुलीला सांगितलं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू!

त्याच संध्याकाळी कुलदीपला लाईनवरून हलवलं. ते सांगायला मी आणि सुमनताई बाहेर आलो. दिव्या बाकावर फोन घेऊन बसली होती. पलीकडून आईची खणखणीत हाक आम्हालाही ऐकू आली.

"चिमे, जेवलीस का गं?"

"आई, चिमे नको म्हणू."

"का गं? काय झालं?"

"काई नाही. दिव्या म्हण."