उजव्या हाताची साखर

दर गुरुवारी, कंपन्यांना सुट्टी असते त्या दिवशी, चाकणच्या एमआयडीसीला लागून असलेल्या एका वाडीत सोपानरावांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसे. मधोमध पाटावर एक लोखंडी हातचक्की, तिला झेंडूचा हार, आणि शेजारी गादीवर चक्कीमहाराज. तशी चक्की चाकणच्या बाजारात भांड्यांच्या कुठल्याही दुकानात मिळते, तीही स्वस्तात. महाराजांची मात्र 'सिद्ध' होती. ती फिरवली की मधुमेह उतरायचा, आणि उतरलेला चक्क मशीनवर दिसायचा.

"शरीरातली साखर कुठं असते? रक्तात. दांडा उजवीकडे फिरला की रक्त उजवीकडे फिरतं, साखर दळली जाते आणि पिठाबरोबर खाली पडते," महाराज सांगत. "परदेशात यावर संशोधन चालू आहे. आपल्याच लोकांना किंमत नाही."

त्यांचा शिष्य भक्ताला आधी प्रसाद देई, मधात घोळलेला खजूर. मग बोट टोचून शुगर मोजी. आकडा तीनशेच्या वरच. मग भक्ताने तीर्थाने हात धुवायचे, चक्कीवर ओंजळभर ज्वारी दळायची आणि पुन्हा बोट पुढे करायचं. आता आकडा निम्म्याहून खाली. अंगणभर जयजयकार होई, आणि भक्त एक 'सिद्ध' चक्की विकत घेऊनच घरी जाई.

तनुजाच्या सासूबाई, सोजराबाई, अशीच एक चक्की घेऊन आल्या होत्या. लातूरकडून पोटापाण्यासाठी आलेलं हे कुटुंब सोपानरावांच्याच चाळीत भाड्याने राहायचं. चक्कीला तनुजाची काही हरकत नव्हती. ताज्या पिठाची भाकरी झकास व्हायची. पण सोजराबाईंनी त्या दिवसापासून शुगरच्या गोळ्या बंद केल्या, आणि त्यांच्या पायाच्या अंगठ्याला झालेली जखम भरायचं नाव घेईना. कडा काळ्या पडत चालल्या होत्या.

"आत्याबाई, एकदा परत शुगर तपासून घेऊ."

"नगं. परत मोजलं की गुण जातोय, महाराज म्हनलेत. मला चांगलं वाटायलंय. तू उगं नाट लावू नको."

परत मोजायचं नाही, हेच तनुजाला खटकलं. दुकानदार परत मोजू देत नाही म्हटल्यावर आपण त्याच्याकडून पावशेर साखरही घेत नाही, आणि इथे तर सासूबाईंचा पाय पणाला लागलेला. पुढच्या गुरुवारी ती स्वतःच रांगेत उभी राहिली. शिष्याने तिच्या उजव्या हातावर खजूर ठेवला आणि बजावलं, "प्रसादाचा हात पुसायचा नाही. दोष लागतो." खजूर खाऊन तिने व्हिडिओ काढायला मोबाइल उचलला, तर बोट स्क्रीनला चिकटलं.

ती तशीच रांगेतून बाहेर पडली, औषधाच्या दुकानातून शुगरचं मशीन घेतलं आणि घरी दार लावून आपलीच बोटं टोचून पाहिली. एकदा मध लावून, एकदा धुऊन. दोन आकडे पाहून तिला संताप आला. सोजराबाईंना दंडाला धरून ती अंगणात परतली.

"सोपानकाका, तुम्हाला शुगर आहे का?"

"न्हाई बा. परवाच शिबिरात तपासलीय. का गं?"

"प्रसाद खाल्लात ना? मग द्या उजवा हात."

महाराज गादीवरून उठले. "बाई, सिद्ध जागेत परकं यंत्र चालत नाही."

"महाराज, आंगण माजं हाय," सोपानराव म्हणाले. "मोज गं."

उजव्या हाताचं चिकट बोट टोचलं. आकडा आला तीनशे शहाऐंशी. सोपानरावांचा चेहरा उतरला. तनुजाने त्यांचा डावा हात साबणाने धुतला, कोरडा केला आणि त्याचं बोट टोचलं. एकशे दोन. सोपानराव दोन्ही हातांकडे आलटून पालटून बघत राहिले.

"चक्कीला तर म्या हात बी लावला न्हाई. मग एकाच मानसाचं रगत ह्या हातात गोड आन् त्या हातात अळणी? हे कसं काय, महाराज?"

उत्तर तनुजाने दिलं. "रक्त एकच आहे, काका. बोटावरचा मध रक्ताच्या थेंबात मिसळतो, आणि मशीन त्यालाही मोजतं. हात धुतला की मध जातो, खरा आकडा दिसतो. मग चक्की फिरवा नाहीतर नका फिरवू. इथे आलेल्यांची शुगर रोजच्या गोळ्यांनीच आटोक्यात होती. ह्यांनी फक्त श्रेय घेतलं."

महाराज श्रद्धेच्या परीक्षेबद्दल काहीतरी बोलू लागले, पण तोवर चार-पाच जण नळावर हात धुऊन तनुजासमोर बोटं धरून उभे होते. शिष्याने पिशवी आवरायला घेतली. लोकांनी दोघांना तिथेच बसवून ठेवलं आणि पोलिसांना फोन केला.

सगळ्यात शेवटी सोजराबाईंनी हात धुतले. आकडा आला चारशे चाळीस. या वेळी बोटावर मध नव्हता.

"हे खरं हाय का गं?" त्यांनी हळूच विचारलं. मान हलवताना तनुजाला रडू आलं. तिने रिक्षा बोलावली.

डॉक्टरांनी पाय वाचवला. अंगठा मात्र काढावा लागला.

सोजराबाई आजही त्याच हातचक्कीवर दळतात. पीठ चांगलं पडतं, गिरणीच्या चकरा वाचतात. तिच्याकडे दळण मागावं, औषध मागू नये, एवढंच. नव्या एखाद्या बाबाचा गुण सांगायला शेजारीण आली, तर त्या चप्पल काढून पाऊल पुढे करतात आणि म्हणतात, "आधी हात धू, मग मोज, आन् परत मोज. मोजल्यानं जो गुण जातोय, तो आलाच नव्हता. म्या मोजलं न्हाई. हे बघ."