बाभळीची गोड आसवं

"महाराज, बाभूळ रडते ना, मग तिची आसवं खारट का नाहीत?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि भिंगरीने भर गर्दीत विचारलंच! अश्रूमहाराजांनी डोळे मिटले, उघडले. "पुण्यवान झाड, बेटा! त्याची आसवं गोडच! फक्त फांदीला हात लावू नका, रुसेल."

गर्दी डोलली. नवल होतंच. सगळं माळरान करपलेलं, विहिरींचे तळ उघडे आणि ही बाभूळ भर उन्हात टपटप गळत होती. खाली घमेली, तांबे, डबे यांची दाटी.

रांगेत आईपप्पांबरोबर भिंगरीची आजीही होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. महाराज म्हणाले, "सुरी कशाला? डोळ्यांत आसवं घाला." झालं! आईपप्पांनी ऑपरेशनची तारीख सोडून दिली. हेच भिंगरीला खुपत होतं.

आणि हात लावू नका म्हटलं की तिच्या हाताला खाज सुटायचीच. तिने शेळीवाल्या काकांची पाला ओढायची आकडी उचलली आणि फांदी खाली ओढली.

"अगं, रुसेल!" शिंपीकाकू किंचाळल्या.

फांदीवर जागोजागी थुंकीसारखा फेस होता. भिंगरीने तो बोटाने पुसला. आत हिरवा, गुबगुबीत किडा! त्याने बूड उचललं आणि टप्‌! थेंब तिच्या तळहातावर.

"हा तर तुडतुड्याचा भाऊबंद!" भिंगरी ओरडली. " बाभळीची मुळं खोल ओलीपर्यंत जातात, हा त्यातला रस पितो. रस म्हणजे जवळजवळ पाणीच, त्यामुळे पोट भरायला ढोसावा लागतो. ढोसलेलं मागून बाहेर."

"मागून म्हणजे?" शिंपीकाकूंचा तांब्या ओठांपाशीच थांबला.

"मूत, काकू."

"तो माझा दूत आहे!" महाराज गरजले.

"मग दूताला जरा थांबायला सांगा ना!"

सगळे फांदीकडे बघत राहिले. टप्‌! टप्‌! हशा उसळला. तेवढ्यात ओढ्यापलीकडची बाभूळ बघायला पळालेल्या मैत्रिणी धापा टाकत परतल्या. "तिकडचीही गळतेय! खाली महाराज नाही, नुसती शेळी बसलीय!"

महाराज पादुका विसरून सटकले.

"तरीच डोळे चुरचुरत होते मेले!" आजी हसून हसून बेजार.

भिंगरी बाभळीखालच्या ओट्यावर चढली. "नवल दिसलं की हात जोडण्याआधी फांदी वाकवून बघा! आणि ही झाडं तोडू नका. माळावर ओल शोधणारी तीच आहेत."

आई मात्र कावरीबावरी झाली होती. "आता ऑपरेशनला पुन्हा तारीख कोण देणार?"

"आई, पप्पा, माझं ठरलंय. उद्या शाळेला दांडी. आजीला घेऊन मी डॉक्टरांकडे जाणार आणि तारीख मिळेपर्यंत तिथून हलणार नाही. तुम्ही येताय का, ते तुमचं तुम्ही ठरवा."