दोनशे पंधरावी चौकट

आमच्या मुळशीत लग्नपत्रिका म्हणजे कार्ड नसतं, चोपडी असते. बाहेरच्यांना हसू येतं, येऊ दे. माझ्या चुलत बहिणीची पत्रिका बघून ऑफिसातली एक मुलगी म्हणाली होती, "ही मतदार यादी आहे का गं?" मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. अहो, नाव छापलं की माणूस आपला होतो आणि गाळलं की तुटतो, एवढा साधा हिशोब आहे. ज्यांना चार माणसं ओळखत नाहीत त्यांनी एका पानाच्या पत्रिका काढाव्यात.

माझ्या स्वतःच्या पत्रिकेत दोनशे पंधरा नावं होती. म्हणजे असायला हवी होती. पहिल्या प्रुफात दोनशे चौदाच आली, आणि जे एक गळलं ते नेमकं कोंडाजी तात्यांचं.

तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे, अण्णांचे, सख्खे थोरले भाऊ. माण गावात आमची दोन घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत, आणि तरी अकरा वर्षं दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. जमिनीचं भांडण नव्हतं. वाटण्या हसतखेळत झालेल्या. झालं होतं एवढंच, की अण्णांनी आयटीवाल्या पोरांना खोल्या भाड्यानं द्यायला तीन मजली इमारत बांधली, तिची वास्तुशांत घातली, चार गावांत आमंत्रणं केली, आणि तात्यांच्या दारात मात्र नारळ-अक्षता घेऊन कुणी गेलंच नाही. अण्णांना वाटलं, सख्खा भाऊ, शेजारची भिंत, त्याला वेगळं काय सांगायचं. तात्या त्या दिवशी नवा सदरा घालून संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसून होते. आले नाहीत. आमच्याकडची रीतच तशी आहे. सख्खा असो नाहीतर लांबचा, दर कार्याला घरी जाऊन बोलवायचं. मागच्या कार्याचं आमंत्रण या कार्याला चालत नाही.

मला तात्या हवे होते. पाठीला पत्र्याचा डबा बांधून मला विहिरीत पोहायला त्यांनी शिकवलं. भाऊ बोलत नव्हते तेव्हाही दहावीच्या निकालाचा पेढा मी आधी त्यांच्या तोंडात घातला. ते मांडवात दिसले नाहीत तर माझं लग्न मला अर्धंच वाटलं असतं, आणि हे मी बावधनच्या इंद्रजितला, म्हणजे होणाऱ्या नवऱ्याला, स्पष्ट सांगितलं होतं. तो म्हणाला, "मग आण ना त्यांना." शहाणा आहे. सांगायला काय जातंय.

महिनाभर डोकं खाल्लं तेव्हा अण्णा कबूल झाले. निमंत्रकांत दादाचं, म्हणजे तात्यांचं, नाव पहिलं घालतो, म्हणाले. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी ऑफिसात चक्क सगळ्यांशी गोड बोलले.

पत्रिका पौडला जनार्दनभाऊंच्या छापखान्यात. त्यांची वेबसाइट आहे, पंधरा वर्षांपूर्वी निरंजन नावाच्या कुणीतरी करून दिलेली. घरबसल्या नावं भरायची. एका चौकटीत एक नाव, चौकटीशेजारी तीन बटणं: वर, खाली, काढा. चौकटी संपल्या की तळाशी 'आणखी नाव' दाबायचं, नवी चौकट उगवते. अण्णा नाकावर चष्मा ठेवून एका बोटानं तीन दिवस टाइप करत होते. दोनशे चौदा नावं भरून जतन केली. तात्यांचं सगळ्यात शेवटी ठेवलेलं. धीर गोळा करत होते, दुसरं काय.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी 'आणखी नाव' दाबलं, दोनशे पंधरावी चौकट आली, त्यात तात्यांचं नाव लिहिलं, आणि ते पहिलं न्यायचं म्हणून 'वर' दाबलं. पान लुकलुकलं. तळाला नाव दिसेना. अण्णांना वाटलं, वर दाबलं म्हणजे वर गेलं. दोनशे चौदा नावं ओलांडून पार पहिल्या जागी जाऊन बसलं असणार. त्यांनी समाधानानं 'जतन करा' दाबलं आणि चहा मागितला.

गुरुवारी सकाळी जनार्दनभाऊंनी प्रूफ भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. प्रत्येक जण आपापलं नाव शोधायला लागला. तात्यांनीही शोधलं असणार, कारण अकरा वाजता तात्या ग्रुपमधून बाहेर पडले.

अण्णांचा चेहरा मी विसरणार नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी भावाला फोन लावला. "दादा, म्या सोताच्या हातानं नाव टाकलं हुतं. त्या मशीननं खाल्लं." तिकडून तात्या म्हणाले, "मागल्या येळी इसरलास, ह्या येळी पुसलंस. बरं हाय." आणि फोन ठेवला.

मग तोफ माझ्याकडे वळली. "तू कंप्युटरवाली ना? मंग हुडीक, नाव कुटं गेलं. सोमवारी सकाळी जनार्दन पत्रिका मशीनला लावतोय."

मी फुशारकीनं म्हटलं, दोन तासांचं काम आहे. जनार्दनभाऊंकडून सगळा कोड मागवला आणि शनिवारी सकाळी बसले. ऑफिसात मी आजकालच्या पद्धतीचं काम करते. हे प्रकरण जुन्या वेब फॉर्मचं, आणि जुन्या वेब फॉर्मवाल्यांना मी पूर्वी खूप हसलेय. त्याची सव्याज परतफेड त्या शनिवारी झाली. कोडात एका जागी चक्क लिहिलेलं होतं, "इथे हात लावू नये. — निरंजन." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात लावू नये असं लिहिणाऱ्याचाच हात आधी बघायला हवा.

दोन तासांत एवढं कळलं. तुम्ही कुठलंही बटण दाबलं, की ते पान सर्व्हरकडे जातं. सर्व्हर पान पहिल्यापासून नव्यानं उभं करतो, कुठलं बटण दाबलं त्याची वर्दी ऐकतो, काम करतो, पान परत पाठवतो आणि सगळं विसरून जातो. दर वेळी. ज्या चौकटी आधीपासून पानात लिहिलेल्या असतात त्या आपोआप उभ्या राहतात. जतन केलेली नावं निरंजननं दर खेपेला उभी केली होती, म्हणून त्यांची बटणं चालत होती. पण 'आणखी नाव' दाबल्यावर उगवलेली चौकट त्यानं त्या एका खेपेपुरतीच बनवली होती. अण्णांनी तिच्यावरचं 'वर' दाबलं तेव्हा सर्व्हरला वर्दी मिळाली, दोनशे पंधराव्या चौकटीवर बोट पडलंय. सर्व्हरनं बघितलं, तर घरात दोनशे पंधरावी चौकटच नाही. मग त्यानं काय करावं? ओरडावं, चूक दाखवावी, लाल अक्षरात काहीतरी म्हणावं. छे. वर्दी गपगुमान टाकून दिली, नावासकट. याचाच मला जास्त राग आला. भांडा की बाबा, पण बोला.

मग दर खेपेला ती चौकट पुन्हा बनवायची, एवढंच ना? मी बनवली. आता चौकट टिकली, नावही टिकलं, पण 'वर' दाबलं की ढिम्म. तासाभरानं लक्षात आलं, की मी ती बनवत होते वर्दी ऐकून झाल्यावर. पाहुणे जेवून गेल्यावर पाट मांडण्यातला प्रकार. म्हणून सुरुवातीलाच बनवली. तरी ढिम्म. आता कपाळाला हात लावायची वेळ आली. शेवटी दिसलं, की मी चौकटीला दर खेपेला नवा आयडी देत होते. सर्व्हर जुन्या नावानं हाक मारतोय आणि घरात तिसरंच कोणी उभं. सुरुवातीलाच, दर खेपेला आणि त्याच नावानं, असं तिन्ही जमवलं तेव्हा कुठे 'वर' दाबल्यावर नाव एक जागा वर सरकलं. दुपारचा दीड वाजला होता. मी खुर्चीतून उठून एकटीच नाचले.

तेवढ्यात मागच्या दारानं तुळजाबाई आल्या, तात्यांची बायको, माझी थोरली आई. भाऊ बोलत नसले तरी आई आणि थोरली आई यांच्या वाट्या अकरा वर्षं त्या भिंतीवरून ये-जा करत होत्या. बायकांना असली थेरं परवडत नाहीत. हातात घारग्यांचा डबा होता. "काय गं, येकलीच नाचतीस?"

मला सांगायला कोणीतरी हवंच होतं. मी घारगा खात तिला सगळं सांगितलं, सर्व्हर कसा विसरतो, चौकट कशी दर खेपेला नव्यानं उभी करावी लागते.

"मंग त्यात त्या मशीनचं काय चुकलं?" ती म्हणाली. "दर खेपेला बोलवाया नको? तुज्या बापाला वाटतं, येकदा भाऊ झाला म्हंजी झाला, पुन्ना काय सांगायचं. आन् आता फोन करून सांगतोय, नाव टाकलं हुतं म्हणून. आमंत्रण फोनवर देत्यात व्हय?"

घारगा माझ्या हातातच राहिला. आम्ही सगळे नाव शोधत बसलो होतो, आणि ज्याचं नाव त्याच्या दारात अजून कोणी गेलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

संध्याकाळी अण्णांना दाखवलं, तर म्हणाले, "झालं ना नीट? नाव घाल, नवं प्रूफ ग्रुपवर टाक, आन् मिटीव." माझा पारा चढला. "ग्रुपवर ते आहेत कुठे? नाव मी बसवीन अण्णा, पण बोलवायला तुम्ही जायचं. नारळ घेऊन. नाहीतर त्या पत्रिकेत माझंही नाव घालू नका." आईनं मध्ये पडायचं सोडून नारळाची शेंडी नीट करायला घेतली.

रविवारी सकाळी अण्णा टोपी घालून, इस्त्रीचे कपडे करून निघाले. हातात ताट, त्यात हळदीकुंकू, अक्षता, नारळ. मागे मी, काखेत लॅपटॉप. मागच्या दारानं गेलो असतो तर दहा पावलं. अण्णा पुढच्या फाटकातून बाहेर पडले, गल्लीला वळसा घातला, कंपनीच्या बसला वाट दिली आणि पाहुण्यासारखे तात्यांच्या ओट्यापुढे जाऊन उभे राहिले.

तात्या ओट्यावरच होते. बघितलं, पण हलले नाहीत.

"गौतमीचं लगीन हाय," अण्णा म्हणाले. "तुमी समद्यांनी यायाचं. आन् मागल्या कार्याला म्या आलो न्हाई बोलवाया. चुकलं माजं."

तात्यांनी आधी नारळ, मग ताट निरखलं. मग बायकोला म्हणाले, "कोन गावचं पाव्हणं हायेत गं? च्या टाक." थोरली आई पदरात तोंड लपवून हसत आत गेली. तात्यांनी दोन्ही हातांनी नारळ घेतला. मला रडू आलं, मी लपवलं नाही.

चहा झाल्यावर तात्या म्हणाले, "मशीननं नाव खाल्लं म्हणतोस. दाव मला, कसं खातंय." मी लॅपटॉप उघडला, 'आणखी नाव' दाबलं, दोनशे पंधराव्या चौकटीत त्यांचं नाव लिहिलं. एका फटक्यात पहिल्या जागी नेणारं एक बटणही मी आदल्या दिवशी करून ठेवलं होतं. शाबासकीच्या आशेनं दाखवलं.

"येकदम नको," तात्या म्हणाले. "येक येक करत जाऊ. मला बघू दे कोन कोन हाय."

आणि त्यांनी माउस हातात घेऊन 'वर' दाबलं. पान लुकलुकलं. अण्णा पुढे वाकले. "हाय का?"

"हाय," तात्या म्हणाले.

पुन्हा दाबलं. पुन्हा लुकलुकलं. "हाय का?" "हाय." असं किती वेळ चाललं असेल म्हणता? दोन चहा झाले. प्रत्येक नावापाशी तात्या थांबायचे. ह्याची म्हैस आपल्याकडनं गेलेली. हा अजून तसाच लंगडतो का? एका नावाशी ते म्हणाले, "आरं, हे तर दोन वर्सांमागं वारले." अण्णांनी जीभ चावली. मी मुकाट्यानं त्या नावाचं 'काढा' दाबलं. दोघं भाऊ आधी हसले, मग दोघांनी त्या नावाला हात जोडले. अकरा वर्षांचं बोलणं त्यांनी त्या यादीच्या आडून उरकून घेतलं, आणि मी घड्याळाकडे एकदाही बघितलं नाही.

शेवटी वर एकच नाव राहिलं, अण्णांचं. तात्यांनी माउसवरचं बोट उचललं.

"हितं बास. तू पोरीचा बाप हायेस."

"दाब, दादा."

"बास म्हणलं ना."

अण्णांनी भावाचं बोट धरलं, माउसवर टेकवलं आणि दाबलं. पान लुकलुकलं. आमच्या माणचं नेट, नेमकं तेव्हाच अडकलं. पांढऱ्या पडद्याकडे बघत दोघं बसले होते. बोट अण्णांनी सोडलं नव्हतं.

"हाय का रं?" या वेळी तात्यांनी विचारलं.

"हाय," अण्णा म्हणाले.