शेकाटे उतरल्याशिवाय मूठ नाही

आमच्या घराण्याला एक मान होता आणि त्या मानानेच आमचं वाटोळं केलं. गावच्या तळ्यावर शेकाटे उतरले की रब्बीच्या पेरणीत बियाण्याची पहिली मूठ तिफणीच्या चाड्यावर आमच्या घरच्या माणसाने धरायची. बाकीच्यांनी मागून पेरायचं. शेकाटे म्हणजे लाल काटक्यांसारख्या पायांवर उभे राहून चिखलात चोच खुपसणारे दीडदमडीचे पक्षी. पण आमचे हे, आसाराम, त्यांच्याबद्दल जे कौतुकाने बोलत, तसं कुणी जावयाबद्दलही बोलत नाही. म्हणे ते हिमालयापलीकडून निघतात आणि यांच्या आजोबांना दिलेल्या शब्दाखातर दरसाल थेट शेवगाव तालुक्यात येतात.

बाहत्तर साली पावसाने पाठ फिरवली. तळ्यात चिखलसुद्धा उरला नाही, नुसत्या भेगा. हस्तात काय ती एकच दणकून सर आली. रान भिजलं, पण तळ्यात घोटाभर पाणी साचलं नाही. वाफसा होऊन रान पेरणीजोगं होताच गावाने आमचा मान गुंडाळून ठेवला आणि तिफणी जुंपल्या. आमचे हे मात्र बांधावर बसून आभाळाकडे बघत राहिले.

"अवो, वल हाय तवर पेरून घ्या," मी म्हणाले.

"पक्षी उतरल्याबिगर मूठ न्हाई धरायची."

"तळ्यात पानी न्हाई, मंग ते उतरतील कशाला? तुमचं थोबाड बघाया?"

हे नुसते हसले. मूर्खाला धड चिडताही येत नाही.

मी चुलतदीर बन्सीला म्हटलं, तू तिफण हाक, मी मूठ धरते. तर तो म्हणतो, "वैनी, दादा बांधावर बसल्यात, मी कसा हात घालू?" त्याची स्वतःची पेरणी कधीच उरकली होती. माझ्या रानाच्या वेळी बरी याला रीत आठवली.

घरात एका मडक्यात बियाणं होतं. मालदांडी जोंधळा, राखेत घोळून, लिंबाचा पाला घालून ठेवलेला. दुष्काळी कामावर खडी फोडून आम्ही तो सरकारी लाल मिलो खात होतो. जनावराने तोंड फिरवावं असलं ते धान्य, पण मी मडक्याला हात लावला नव्हता. ते वेळेत पेरलं तर आम्हाला दाणा आणि बैलांना कडबा मिळणार होता. ओल रोज खाली खाली चालली होती आणि नवरा आभाळ चाळत होता.

खडीवर माझ्या शेजारी छबूबाई बसे. ती श्रीरामपूरकडच्या माहेरी जाऊन आली आणि म्हणाली, "तुमचं पक्षी तिकडं हायेत की बाई. साखर कारखान्याच्या घान पान्यात. लई हायेत."

मला आनंदच झाला. म्हटलं, नेऊन दाखवावं, म्हणजे डोक्यातलं खूळ तरी जाईल. एस.टी.ने यांना घेऊन गेले. कारखान्यामागच्या खड्ड्यात काळं, फेसाळ पाणी होतं आणि वास असा की पदर नाकावरून काढवेना. त्या घाणीत शेकाटे खुशाल चरत होते. हिमालयापलीकडून यायचं आणि इथे उतरायचं, वा रे पाहुणे!

"बघा तुमचं सोयरं," मी म्हणाले. "पानी दिसंल तिथं उतरत्यात. तुमच्या तळ्याचं त्यांना काय पडलंय?"

यांनी टोपी काढून हात जोडले. डोळे भरून आले होते. "आलं गं केशर. उतरलं. उद्या मूठ धरू."

"कशात धरता? वल गेली की समदी!"

"पक्षी उतरलं म्हंजी झालं."

कपाळ! खूळ घालवायला नेलं आणि दुप्पट करून परत आणलं. घरी येताच मी रानात गेले, खुरप्याने वीतभर उकरलं. खाली कोरडी माती. तिच्यात टाकलेलं बी मुंग्यांनीच नेलं असतं. बन्सी मात्र आता लगेच तयार झाला. पक्षी उतरले ना, मग रीत सांभाळायला हा पुढे.

पहाटे हे बैल आणायला गेले आणि मी जात्यावर बसले. मडकं उपडं केलं, राख पाखडली, पाला वेचला आणि बियाणं दळायला घेतलं. बी दळून खाणाऱ्या बाईला गाव काय म्हणतं ते मला ठाऊक होतं. तरी पहिला घास जात्यात टाकला. मग दुसरा.

हे आले. "बियानं काढ."

"आदी खाऊन घ्या."

ताटात भाकरी आणि ठेचा वाढला. यांनी तुकडा मोडून तोंडात घातला आणि चावता चावता थांबले. भाकरी पांढरी होती. यांनी कोपऱ्यातल्या उपड्या मडक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी तयारीत होते. यांनी एक शिवी दिली असती तर मी दोन दिल्या असत्या, आणि हात उगारला असता तर फुंकणी जवळच होती.

"दादा, चला की!" बाहेरून बन्सीने हाक मारली.

यांनी खाली मान घालून भाकरी संपवली, ताटात पडलेले कण बोटाने टिपून खाल्ले. मग ताट माझ्याकडे सरकवलं.

"आनखी हाय का?"