सामायिक सायडिंग

तुमसरच्या पुढे, चिखल्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत लक्ष्मणरावांचा मँगनीजचा कारखाना आहे. मुख्य लाईनपासून कारखान्याच्या फलाटापर्यंतचे रूळ त्यांनी स्वतःच्या खर्चाने टाकलेले. घराणं कोष्ट्यांचं, लुगड्यांच्या व्यापारातलं; त्यातला माणूस आपल्या दारात मालगाडी आणेल असं कोणाला वाटलं नव्हतं. म्हणून त्या सायडिंगचा विषय निघाला की लक्ष्मणराव ताठ बसत.

त्यांची मुलगी रंजिता कारखान्याची माल पाठवणी सांभाळायची. तिनेच एके दिवशी जेवताना सांगितलं, की शेजारच्या कारखान्याच्या भूषणला आपली सायडिंग भाड्याने हवी आहे. लक्ष्मणराव ज्या खाणीतून माल घेत, त्याच खाणीतून भूषणही घ्यायचा आणि त्यांच्याच गिऱ्हाईक पोलाद कारखान्यांना विकायचा.

"माह्याच रुळावरून माह्याच गिऱ्हाईकाकडे जाणार तो?" लक्ष्मणराव म्हणाले.

"बाबा, आपली गाडी आठवड्यातून एकदा येते. बाकीचे दिवस तिथं बकऱ्या चरतात."

"चरू दे. बकऱ्या माह्या गिऱ्हाईकाले माल नाही विकत."

रंजिता हसली, पण मागे हटली नाही. "गँगमन, स्लीपर, तपासणी, फाटकावरचा माणूस. एक गाडी आली काय अन् चार आल्या काय, हा खर्च तेवढाच. आता तो सगळा आपल्याच मालावर चढून राहिला. भूषणनं वाटा उचलला तर आपला माल स्वस्त पडन."

"अन् त्याचा?"

"त्याचाही पडन. थे मी लपवत नाही. पण आपण नाही म्हटलं तर तो स्वतःची लाईन टाकन. जमीन पाहून राहिला तो. मंग दोन लाईनी, दोन्ही रिकाम्या, अन् आपला खर्च आपल्याच डोक्यावर."

आठवडाभराने लक्ष्मणरावांनीच भूषणला चहाला बोलावलं.

भूषणने भाडं फारसं न ताणता मान्य केलं. त्याचा अडसर वेगळाच होता. "काका, तुमची गाडी आली का माही बाजूले सारायची, असं असन तर मले ट्रकच बरे."

हा प्रश्न येणार हे रंजिताला ठाऊक होतं. ज्याने रेल्वेकडे गाडीची मागणी आधी नोंदवली, त्याची गाडी आधी भरायची, असा तिने नियम मांडला. क्रम ठरवायला जागेश्वर नावाचे निवृत्त स्टेशन मास्तर नेमायचे आणि त्यांचा पगार दोघांनी मिळून द्यायचा. लक्ष्मणरावांनी सही केली.

उन्हाळ्याच्या तोंडाशी दोघांच्या रिकाम्या गाड्या एकाच सकाळी आल्या. भरायची लाईन एकच. भूषणची मागणी आधीची होती. दुसरी गाडी जंक्शनवर थांबली तर रेल्वे ती दुसरीकडे पाठवण्याची शक्यता होती आणि लक्ष्मणरावांचं भिलाईकडचं गिऱ्हाईक मालासाठी रोज फोन करत होतं.

लक्ष्मणराव थेट फलाटावर आले. "जागेश्वरजी, आपली गाडी आत घ्या. भूषणले मी सांगतो."

जागेश्वरांनी हातातला झेंडा गुंडाळला आणि रंजिताकडे पाहिलं.

"भूषणची गाडी आत येईल," रंजिता म्हणाली.

"लाईन माही आहे, रंजू."

"लाईन तुमचीच आहे, बाबा. पण आज आपण मधे घुसलो तर उद्यापासून तिच्यावर दुसरं कोणी येणार नाही. मंग पुन्हा बकऱ्या."

लक्ष्मणराव आपल्या मोटारीत बसून निघून गेले. भूषणची गाडी आत आली. लक्ष्मणरावांची रिकामी गाडी रेल्वेने खरंच दुसरीकडे वळवली, आणि गिऱ्हाईकाने ती ऑर्डर रद्द केली. घरी बापलेकीत चार दिवस कामापुरतंच बोलणं होतं. रंजिताला ऑर्डर गेल्याचं वाईट वाटलं. निर्णयाचं वाटलं नाही.

ही गोष्ट तुमसरच्या बाजारात पोचायला वेळ लागला नाही. महिन्याभरात राईस मिलवाले कारखान्यात आले. दक्षिणेला तांदूळ पाठवायला त्यांना सायडिंग हवी होती. आजवर त्यांनी विचारलंच नव्हतं, कारण मालकाच्या लाईनवर आपला माल कुजत पडेल अशी त्यांना भीती होती.

"पण तुमचीच गाडी थांबली म्हणतेत," त्यांच्यातले गोमाजी म्हणाले.

"थांबली," लक्ष्मणराव म्हणाले. "अन् ऑर्डरही गेली." मग त्यांनी रंजिताला हाक मारली, तिच्यासाठी खुर्ची ओढली आणि भाड्याचं बोलणं तिच्यावर सोपवलं.

राईस मिलच्या पहिल्या गाडीपर्यंत सायडिंगचा खर्च तिघांत वाटला गेला होता आणि लक्ष्मणरावांनी मालाचा भाव थोडा उतरवून नागपूरचं एक नवं गिऱ्हाईक मिळवलं होतं. भूषणनेही भाव उतरवला. त्यावरून दोघांची बाजारात चांगलीच जुंपली.

"जुंपू दे," लक्ष्मणराव रंजिताला म्हणाले. ते फलाटाच्या टोकाला उभे राहून पावलांनी जागा मोजत होते. "तांदळाले शेड लागन. पावसाच्या आधी टाकायची असन तर खांब कोठून सुरू करू, थे सांग."